अठराव्या वर्षी हरवणारे रुग्ण

जन्मतः हृदयात दोष असलेली मुलं एके काळी फार जगत नसत. आज चांगले उपचार मिळतात तिथं त्यांतली 90 टक्क्यांहून अधिक मुलं मोठी होतात आणि मोठी झाली की दवाखान्यातून गायब होतात. कॅनडातल्या एका अभ्यासात गुंतागुंतीचा हृदयदोष असलेल्या 360 तरुणांचा माग काढला होता. तो 2004 साली प्रसिद्ध झाला. बालरुग्णालयातून निघून प्रौढांच्या हृदयरोग केंद्रात पोचलेले त्यात निघाले फक्त 47 टक्के.

बाकीच्यांना आपण बरे झालो असं वाटत असतं, आणि तसं वाटायला कारणही असतं. ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ या जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया लहानपणी होते, मूल खेळू-पळू लागतं. पण फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीची झडप पुढं अनेकदा गळत राहते. त्यामुळं उजवा कप्पा वर्षानुवर्षं हळूहळू ताणला जातो, आणि या काळात माणसाला काहीच जाणवत नाही. इको किंवा एमआरआय केल्याशिवाय ते कळायचं नाही.

मूत्रपिंड बदललेल्यांचं दुखणं वेगळं. बसवलेलं मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका साधारण 17 ते 24 या वयात सर्वांत जास्त असतो. या वयाची पोरं बेफिकीर, असं म्हणून आपण मोकळे होतो. ते अर्धसत्य आहे. किशोरवयात झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं, झोप पुढं सरकते. शरीरानं नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून द्यायची टॅक्रोलिमससारखी गोळी मात्र सहसा दर 12 तासांनी हवी. आई उठवायची तोवर सकाळची गोळी जायची. आई नसली की ती चुकते. टाइप 1 मधुमेहातही साखर सर्वांत बिघडते ती याच वयात, कारण वाढीच्या संप्रेरकामुळं इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही. आणि नेमकं तेव्हाच आपण डॉक्टर, इमारत, फाईल सगळं एकदम बदलतो!

बालरुग्णालय आणि प्रौढांचं केंद्र यांच्यातला हा सांधा सांभाळणं हे काही परिचारिकांचं पूर्णवेळ काम आहे. ते अठराव्या वर्षी सुरू केलं तर उशीर झालेला असतो. आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तयारी 13-14 व्या वर्षापासून व्हायला हवी.

पहिली पायरी साधी दिसते: तपासणीची काही मिनिटं आई-बाबांनी बाहेर बसायचं. तोवर ‘काय त्रास होतो?’ याचं उत्तर आईच देत आलेली असते. मुलाला स्वतःच्या आजाराचं नावही धड सांगता येत नाही. मग सिस्टर विचारतात, “बऱ्याच जणांची आठवड्यात एखादी गोळी राहते. तुझी कुठली राहते, सकाळची की रात्रीची?” ‘गोळ्या वेळेवर घेतोस ना?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढंच उत्तर मिळतं. सिस्टरांच्या प्रश्नाला मात्र खरं उत्तर मिळतं, आणि डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ त्याच्या उठण्याच्या वेळेशी जुळवता येते.

त्याच बंद दाराआड आणखीही विषय निघतात. दारू, सिगारेट, शरीरसंबंध. वॉरफरिन (रक्त गोठू नये म्हणून), मायकोफेनोलेट (बसवलेला अवयव टिकावा म्हणून), व्हॅल्प्रोएट (फेफऱ्यासाठी) ही औषधं गर्भाला अपाय करू शकतात. आठव्या वर्षी औषध सुरू झालेल्या मुलीला हे सतराव्या वर्षी कुणीतरी सांगायला हवं, आणि औषध मनानं बंद करायचं नाही, हेही. माझ्या मते या नोकरीतलं सर्वांत अवघड काम हेच, कारण ते चिठ्ठीवर लिहून भागत नाही.

हे नुसतं समुपदेशन नाही, त्याची चाचणीही झाली आहे. कॅनडातच 16-17 वर्षांच्या हृदयरुग्णांना परिचारिकेबरोबर तासाभराच्या दोन बैठका दिल्या. 2018 मध्ये निकाल आला: नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा ही मुलं प्रौढांच्या केंद्रात वेळेवर पोचण्याची शक्यता 1.8 पट होती.

पण पोचणं पुरेसं नसतं. नव्या ठिकाणी रांग लांब, डॉक्टर अनोळखी. पुढच्या तारखेला मुलगा येत नाही. म्हणून ‘नाइस’नं सांगितलंय की नेमून दिलेल्या व्यक्तीनं बदलीच्या आधी आणि नंतरही किमान सहा महिने सोबत राहावं. तारीख चुकली तर फाईल बंद करायची नाही, फोन करायचा.