कंपनीच्या स्टाफसाठी दातांचा ग्रुप विमा

दातांचा ग्रुप विमा म्हणजे एखाद्या मोठ्या कंपनीने, बँकेने किंवा संस्थेने आपल्या सगळ्या स्टाफसाठी एकत्र काढलेलं दातांच्या खर्चाचं कव्हर. आपल्याकडे वेगळी पॉलिसी म्हणून ते क्वचितच घेतलं जातं, बहुतेक ठिकाणी ग्रुप मेडिक्लेमला जोडलेल्या ओपीडी (अ‍ॅडमिट न होता घेतलेल्या उपचारांच्या) कव्हरमध्येच दातांसाठी एक छोटं लिमिट दिलेलं असतं, आणि ते आहे हेच कित्येक लोकांना माहीत नसतं.

हे वेगळं का मागावं लागतं तर त्याचं कारण मेडिक्लेमच्या रचनेत आहे. मेडिक्लेम आपल्याकडे १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी आणला तो हॉस्पिटलच्या खर्चासाठी, म्हणजे साधारण २४ तास अ‍ॅडमिट असाल तर पैसे, आणि दातासाठी कोण अ‍ॅडमिट होतं? दाढ काढायची असो नाहीतर रूट कॅनल, खुर्चीत बसून अर्ध्यापाऊण तासात सिटिंग संपतं आणि माणूस तोंडात कापूस धरून घरी जातो. त्यामुळे अपघातात दात तुटला किंवा जबड्याचं ऑपरेशन झालं तरच साधी पॉलिसी कामाला येते, बाकी सगळं खिशातून. आधी निदान १५ हजारांपर्यंतची मेडिकल बिलं कंपनीत देऊन टॅक्स वाचवता यायचा, त्यात दातांची बिलं बरीच असायची, पण २०१८ च्या बजेटने ती सोय काढून स्टँडर्ड डिडक्शन आणलं आणि तेही गेलं.

दातांचा विमा जगात रुळला तो कामगारांमुळे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या युनियनने १९५४ मध्ये मालकांच्या संघटनेसोबत आपल्या सभासदांच्या मुलांसाठी दातांची योजना सुरू करून घेतली, त्यातूनच पुढे तिकडचा हा सगळा धंदा उभा राहिला. तिकडे १००-८०-५० असा हिशोब बराच चालतो: तपासणी आणि क्लीनिंगचे सगळे पैसे, फिलिंगसारख्या कामाचे ८० टक्के, कॅपसारख्या (दातावर बसवायच्या टोपीसारख्या) मोठ्या कामाचे निम्मे विमा कंपनी देते. ह्यातली पहिली गोष्ट, म्हणजे तपासणी पूर्ण फुकट, आपल्याकडच्या एचआरवाल्यांनी उचलण्यासारखी आहे कारण वेळेत भरलेली कीड स्वस्तात सुटते आणि तीच दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली की खर्च कित्येक पटीने वाढतो.

प्रीमियमचं गणित नीट समजून घ्यायला हवं. आग किंवा अपघात कधी होईल ते कोणालाच माहीत नसतं, पण दाढ ठणकतेय हे ज्याचं त्याला पक्कं माहीत असतं, म्हणून दातांचं कव्हर ‘ज्याला हवं त्याने पैसे भरून घ्या’ असं ठेवलं की नेमके दुखणारेच घेतात. समजा १००० जणांची कंपनी आहे आणि माणशी १० हजारांचं लिमिट. सगळ्यांना घेतलं आणि २५० जणांनी सरासरी ६ हजारांचे क्लेम केले तर १५ लाख झाले, माणशी १५०० रुपये. तेच ऐच्छिक ठेवलं, फक्त २०० जणांनी घेतलं आणि त्यातल्या १८० जणांनी ८ हजारांचे क्लेम केले तर १४ लाख ४० हजार, म्हणजे माणशी ७२०० रुपये, वर विमा कंपनीचा खर्च आणि १८ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी माफ झाला पण ग्रुप पॉलिसीला ती सूट मिळालेली नाही. १० हजारांच्या कव्हरसाठी एवढे पैसे कोण भरणार, दुसऱ्या वर्षी स्कीम बंद पडते. म्हणून लिमिट कमी ठेवा पण सगळ्यांना घ्या, माझं तरी हेच ठाम मत आहे.

काम साधारण असं चालतं: एचआर ब्रोकरला गाठतं, ब्रोकर स्टाफची यादी, वयं, कुटुंबात कोणकोण धरायचं आणि आधीच्या वर्षांचे क्लेम असा सगळा डेटा तयार करून विमा कंपन्यांकडून कोटेशन मागवतो, मग भावाची घासाघीस होते, आणि क्लेम बघायला टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी वेगळी संस्था, नेमला जातो. पैसे आगाऊ पोचल्याशिवाय कव्हर सुरू होत नाही, विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमाचाच तसा नियम आहे, त्यामुळे मोठ्या कंपन्या विमा कंपनीकडे सीडी (कॅश डिपॉझिट) खात्यात रक्कम ठेवतात आणि नवीन जॉइन झालेल्यांचा प्रीमियम त्यातून वळता होतो. ह्या खात्यात पैसे संपले आणि कोणाचं लक्ष नसलं तर नव्या माणसाचं नाव यादीत चढतच नाही.

पॉलिसीच्या कागदात कोणती ट्रीटमेंट बसते ते नावानिशी लिहून घ्यावं. क्लीनिंग, फिलिंग, दात काढणं, रूट कॅनल, एक्सरे हे सहसा बसतं. इम्प्लांट, दात सरळ करायच्या तारा आणि अलायनर, दात पांढरे करणं हे बाहेर. भांडण होतं ते कॅपवरून. रूट कॅनल केलेली दाढ ठिसूळ होते आणि वर कॅप नाही बसवली तर चावताना तडकते, म्हणून रूट कॅनलला पैसे द्यायचे आणि कॅपला नाही हे अर्धवट काम आहे, ब्रोकरशी बसताना ह्यावर अडून राहायला हवं. आईवडलांना कव्हरमध्ये घेतलं असेल तर कवळीचंही तेव्हाच विचारून घ्यावं.

आणि मुंबईत ह्या सगळ्याच्या वर एक गोष्ट आहे, क्लिनिकची यादी. प्रेझेंटेशनमध्ये बीकेसी, लोअर परळ, अंधेरी, पवईची चकाचक क्लिनिक दाखवतात, पण स्टाफ राहतो डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार, पनवेलला. रूट कॅनलला दोनतीन सिटिंग लागतात, ऑफिसच्या वेळात कोण सुट्टी देतं, आणि सुन्न झालेला जबडा घेऊन गर्दीच्या विरार फास्टमध्ये चढायची कोणाची तयारी नसते, त्यामुळे माणूस घराजवळच्या, रात्री नऊपर्यंत आणि रविवारी सकाळी उघड्या असणाऱ्या डॉक्टरकडेच जातो. तो डॉक्टर नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीच्या यादीत, नसेल तर कॅशलेस नाही. म्हणून पेरोलमधून घरचे पिनकोड काढून यादीशी जुळवून बघणं हे सही करायच्या आधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, आणि नेमकं तेच कोणी करत नाही. वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर तिन्ही लाइनवर शेवटच्या स्टेशनांपर्यंत क्लिनिक हवीतच, नसतील तर रीइम्बर्समेंट, म्हणजे आधी भरलेले पैसे नंतर परत मिळणं, तरी सोपं ठेवा.

रीइम्बर्समेंटला लागतं काय तर डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन, डॉक्टरच्या रजिस्ट्रेशन नंबरचं बिल, पैसे भरल्याची पावती, कामाआधीचा आणि नंतरचा एक्सरे. बिलावर नुसतं ‘डेंटल ट्रीटमेंट’ लिहिलेलं असलं की क्लेम अडकतो, कोणता दात आणि काय केलं ते लिहून घ्यायचं.

विमा काढलेल्या स्टाफच्या यादीत सिक्युरिटी, हाउसकीपिंग आणि कँटीनची माणसं नसतात, ती कॉन्ट्रॅक्टरची. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेले बरेचसे ईएसआयमध्ये (सरकारी कामगार विमा योजनेत) येतात आणि दातांसाठी त्यांना ईएसआयच्या हॉस्पिटलात जावं लागतं. शिवाय सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आणि मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल आहेच, तिथे खर्च कमी आणि रांग मोठी. पण ऑफिसात दातांचा कॅम्प लावला तर त्यात ह्यांना बसवायला कोणाची हरकत असायचं कारण नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे तरी तंबाखू, सुपारी, मिश्री चालूच आहे, आणि तोंड कमी उघडायला लागणं, तिखट लागलं की आग होणं, गालाच्या आत पांढरा चट्टा येणं ही कॅन्सरच्या आधीची लक्षणं असू शकतात, डेंटिस्टला ती आरसा लावून पाच मिनिटांत दिसतात. तिथे पकडलं तर उपचार सोपा असतो, उशीर झाला की परळला टाटाच्या फेऱ्या सुरू होतात.

नोकरी सोडताना हे कव्हर सहसा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतं. दाढेचं काम अर्ध्यावर असेल तर पुढच्या सिटिंगचे पैसे आपले आपण भरायचे, म्हणून राजीनामा दिल्यावर नोटीस पिरियडमध्येच काम पूर्ण करून बिलं जमा करावीत, आणि क्लेम द्यायची मुदत किती दिवसांची आहे ते एचआरकडून मेलवर लिहून घ्यावं.