बर्फ फोडणाऱ्या बोटीला पास कोण करतं?

आइसब्रेकर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर टोकदार नाकाची बोट येते, बर्फात घुसून चिरत जाणारी. प्रत्यक्षात तिचं नाक चांगलं उतरतं असतं, इंजिनच्या जोरावर ती बर्फावर चढते आणि स्वतःच्या वजनाने तो खाली दाबून मोडते. म्हणजे ज्या गोष्टीला बाकीच्या बोटी घाबरतात, कशावर तरी चढून बसणं, तेच ही बोट मुद्दाम दिवसभर करत राहणार. मग अशी बोट यार्डात नवीकोरी तयार झाली तर ती धड आहे हे ठरवायचं कोणी आणि कसं?

ठरवणाऱ्या संस्थांना क्लासिफिकेशन सोसायटी म्हणतात. सगळ्यात जुनी लंडनची लॉइड्स रजिस्टर, १७६० सालची, कॉफी हाउसमधे बसून धंदा करणाऱ्या विमावाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी काढलेली, कारण कुठली बोट भरवशाची हे त्यांना घरबसल्या कळायला हवं होतं. आपल्याकडे हेच काम इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग करते, १९७५ पासून, मुंबईतून.

आता एक खरीखुरी आइसब्रेकर बघू. 'येर्माक', रशियाची, पण बांधली इंग्लंडात न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग व्हिटवर्थच्या यार्डात, पाण्यात उतरली १८९८ मधे. कल्पना ॲडमिरल स्तेपान माकारोव्हची. मागे तीन प्रोपेलर आणि पुढे नाकाखाली चौथा, वाफेची इंजिनं, आणि सगळी मिळून जवळपास दहा हजार हॉर्सपॉवर.

त्या काळचा सर्व्हेयर, म्हणजे सोसायटीचा तपासनीस, बोट पूर्ण झाल्यावर एकदा येऊन सही ठोकून जायचा असं नाही, तो पोलादाच्या प्लेटपासूनच मागे लागायचा. प्लेटच्या पट्ट्या कापून त्या तुटेपर्यंत ओढायच्या, वाकवून तडा जातो का बघायचं. मग रिव्हेट, म्हणजे प्लेट जोडणारे खिळे, त्यांच्या एका बाजूला हाताचं बोट लावायचं आणि दुसरीकडून छोट्या हातोडीने टोकायचं, सैल असेल तर बोटाला लगेच कळतं. बॉयलर तर वाफेने नाही, गार पाण्याने टेस्ट व्हायचा, रोजच्या दाबाच्या दुप्पट दाब देऊन. पाणीच का? कारण पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही, सांधा सुटला तर नुसती पिचकारी उडते. तेवढ्याच दाबाची वाफ असती तर बॉयलर, सर्व्हेयर आणि अर्धी शेड एकदमच गेली असती.

माकारोव्ह तर याच्याही पुढचा माणूस. बोट बुडू नये हा त्याचा तरुणपणापासूनचा ध्यास, त्यामुळे आतले कप्पे खरोखर पाण्याने भरून भिंती टिकतात का ते दाखवा, असं त्याने यार्डाकडून मान्य करून घेतलं होतं. पाण्याची उंची दर मीटरला साधारण एक टन प्रति चौरस मीटर दाब देते, म्हणजे दहा मीटर पाणी भरलं की भिंतीच्या तळाशी चौरस मीटरला दहा टन. भिंत फुगते, सांधे ठिबकतात, आणि बांधणाऱ्याला ते बघायला अजिबात आवडत नाही. माझ्या मते सगळ्या टेस्टमधे सगळ्यात प्रामाणिक हीच.

शिवाय स्थिरतेची चाचणी असते. डेकवर ठराविक वजनं एका बाजूकडून दुसरीकडे सरकवायची आणि आत टांगलेला ओळंबा किती हलला ते मोजायचं, त्यावरून बोट कलली तर परत सरळ होते का हे काढता येतं. आइसब्रेकरला हे जास्तच लागू, कारण नाक बर्फावर चढलं की बोटीचा काही भार पाण्याऐवजी बर्फ उचलतो आणि तेवढी स्थिरता कमी होते.

एवढं सगळं करून १८९९ च्या मार्चमधे येर्माक फिनलंडच्या आखातातला बर्फ फोडत क्रोनश्टाट या रशियन बंदरात पोचली, लोकांनी जंगी स्वागत केलं. आणि त्याच उन्हाळ्यात स्पिट्सबर्गन बेटाजवळच्या खऱ्या आर्क्टिक बर्फाने तिचं नाक खिळखिळं केलं, पाणी आत यायला लागलं. न्यूकॅसलला परत, पुढचा प्रोपेलर काढला, पुन्हा गेली तर नाकाच्या प्लेटला भोकच पडलं. शेवटी अख्खं नाकच नवीन बसवलं.

पुढचा प्रोपेलर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सच्या फेरीबोटींवरून घेतला होता. तिथे तो झकास चालतो, बर्फाखालचं पाणी ओढून घेतो, आधार गेला की बर्फ लवकर मोडतो. पण ध्रुवाकडचा बर्फ वर्षानुवर्षांचा, जाड, एकावर एक चढलेला, तिथे पाणी ओढून काय होणार, उलट प्रोपेलरच आपटतो. यार्डातल्या एकाही टेस्टमधे हे कळणं शक्य नव्हतं, कारण प्लेट ओढून प्लेटची ताकद कळते, बर्फ कुठे आणि किती जोरात आपटणार ते नाही. तो आकडा बोटींना पडलेल्या पोच्यांवरूनच हळूहळू मिळत गेला. येर्माक मात्र नवीन नाकाने १९६० च्या दशकापर्यंत राबली!

आज बर्फात चालणाऱ्या बोटींचे मजबुतीनुसार क्लास ठरलेले आहेत. बाल्टिकसाठी फिनिश-स्वीडिश नियम, त्यात १ए सुपर म्हणजे साधारण एक मीटर जाडीचा बर्फ धरलेला, आणि ध्रुवीय समुद्रासाठी पीसी (पोलर क्लास) १ ते पीसी ७, पीसी १ सगळ्यात दणकट. पोलादाचा तुकडा आता थंड करून झटक्याने तोडतात, कारण साध्या तापमानाला नीट वाकणारं पोलाद गारठ्यात काचेसारखं फुटू शकतं.

आणि तरीही नवीन आइसब्रेकरला बर्फातली ट्रायल द्यावीच लागते. माणसं खाली बर्फावर उतरतात, ड्रिलने भोकं पाडून जाडी मोजतात, बर्फाचे नमुने काढून त्यांचं तापमान आणि खारटपणा बघतात, मग बोट त्या पट्ट्यातून सोडून वेग मोजतात. बोट उन्हाळ्यात तयार झाली, तर या ट्रायलसाठी हिवाळ्याची वाट बघत बसायचं.