मालक कंजूष की गाव लहान? सिनसिनाटीच्या जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला फुटबॉल संघ सिनसिनाटी बेंगल्स हरला की त्याच्या चाहत्यांमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, मालक कंजूष आहे. दुसरा म्हणतो, गाव लहान आहे, पैसा आणणार कुठून? २०२५च्या उन्हाळ्यात हा वाद पुन्हा पेटला. आदल्या हंगामात प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) सगळ्यांत जास्त वेळा आडवा पाडणारा ट्रे हेंड्रिक्सन पगारवाढीसाठी अडून बसला होता. त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमात, पहिल्या फेरीत निवडलेला शेमार स्ट्युअर्ट तर करारावर सहीच करायला तयार नव्हता. त्याचं भांडण रकमेवर नव्हतं, करारातल्या एका कलमावर होतं. एका वर्षी खेळाडूकडून करारभंग झाला तर पुढच्या वर्षांची हमीही रद्द, असं ते कलम. तशा रकमेच्या वादापेक्षा या कलमातून बेंगल्सचा स्वभाव जास्त कळतो आणि त्याची मुळं १९६३पर्यंत जातात.

आधी एक खुलासा. इथला फुटबॉल म्हणजे मोहन बागान किंवा धेंपोचा नव्हे. हेल्मेट घालून लंबगोल चेंडूने खेळतात तो अमेरिकन खेळ, आणि त्याची ३२ संघांची लीग म्हणजे एनएफएल.

बेंगल्स उभा करणारा पॉल ब्राऊन हा ओहायोचाच माणूस. मॅसिलन गावातल्या शाळेच्या संघाचा कोच म्हणून नाव कमावलं, १९४२मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलं आणि १९४६मध्ये क्लीव्हलंडच्या नव्या संघाचा कोच झाला. लोकांनी त्या संघाला त्याचंच नाव दिलं: ब्राऊन्स. खेळाडूंना वर्गात बसवून वह्या भरायला लावणं, चाळीस यार्डांची धाव घड्याळ लावून मोजणं, सामन्यांच्या फिती पाहून चुका काढणं हे आज जे गृहीत धरलं जातं, त्याची शिस्त प्रामुख्याने त्याने लावली. १९४६मध्येच मॅरियन मोटली आणि बिल विलिस या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना त्याने संघात घेतलं. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरायला अजून एक वर्ष होतं. पहिल्या दहा हंगामांत सात अजिंक्यपदं. कोच तोच आणि खेळाडू कोण घ्यायचे हे ठरवणाराही तोच.

१९६१मध्ये न्यूयॉर्कच्या जाहिरात आणि टीव्ही व्यवसायातल्या आर्ट मॉडेलने तो संघ विकत घेतला. दोघांचं पटलं नाही. जानेवारी १९६३मध्ये मॉडेलने ब्राऊनला काढून टाकलं. क्लीव्हलंडमध्ये तेव्हा वर्तमानपत्रांचा संप चालू होता, त्यामुळे बातमीला जेवढी ओरड व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. संघाला ज्याचं नाव, तोच संघाबाहेर! ब्राऊन कॅलिफोर्नियात जाऊन राहिला. करारानुसार पगार मिळत होता, काम काहीच नव्हतं.

तो परतला १९६७मध्ये, ओहायोच्या दुसऱ्या टोकाला. सिनसिनाटीत नवा संघ उभा राहिला आणि १९६८पासून खेळू लागला. भांडवल इतरांचंही होतं, पण कारभारात शेवटचा शब्द आपलाच राहील याची तजवीज ब्राऊनने सुरुवातीलाच करून ठेवली. पुन्हा कुणी मालक येऊन आपल्याला घरी पाठवणार नाही, एवढी खात्री त्याला हवी होती. बेंगल्सकडे आजही बाहेरून आणलेला, स्वतःच्या मर्जीने संघ बांधणारा जनरल मॅनेजर नाही, त्याचं मूळ इथे आहे. ड्यूक टोबिन हे खेळाडूंच्या निवडीचं काम अनेक वर्षं पाहतात, पण त्यांच्या पदाचं नाव वेगळं आणि तिजोरीची किल्ली घराण्याकडे.

पहिली वीस वर्षं या पद्धतीला नावं ठेवायला फारशी जागा नव्हती. तिसऱ्याच हंगामात संघ बाद फेरीत पोहोचला. ब्राऊनचा साहाय्यक बिल वॉल्श याने सिनसिनाटीत छोट्या, बिनचूक पासांची एक आक्रमणपद्धत बसवली, कारण ग्रेग कुकचा खांदा गेल्यावर हाताशी उरलेल्या व्हर्जिल कार्टरला लांब फेक जमत नव्हती. पुढे तीच पद्धत ‘वेस्ट कोस्ट’ म्हणून गाजली. जन्म मात्र ओहायो नदीच्या काठचा. १९७६च्या आरंभी ब्राऊन कोचपदावरून उतरला तेव्हा वारस वॉल्श असेल असं पुष्कळांना वाटत होतं. ब्राऊनने दुसऱ्याच साहाय्यकाला नेमलं. वॉल्श गेला, फिरत फिरत सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला आणि जानेवारी १९८२ व जानेवारी १९८९ अशा दोन सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यांत, बेंगल्स त्याच्याच संघाकडून हरले. पहिल्यांदा २६–२१, दुसऱ्यांदा २०–१६. बेंगल्सचा चाहता पैशाबद्दल चिडण्याआधी या निवडीबद्दल चिडायला शिकला, असं मला वाटतं.

ऑगस्ट १९९१मध्ये पॉल ब्राऊन वारला आणि सूत्रं मुलाकडे, माइक ब्राऊनकडे आली. हार्वर्डमधून कायदा शिकलेला, मितभाषी, बापाच्या पद्धतीवर नितांत श्रद्धा असलेला माणूस. फक्त बाप स्वतः फुटबॉलचा पंडित होता आणि मुलगा वकील होता. १९९१ ते २००२ या बारा हंगामांत संघाने ५५ सामने जिंकले, १३७ हरले. एकाही हंगामात विजय पराभवांपेक्षा जास्त नव्हते. ‘बेंगल्स’चं ‘बंगल्स’, म्हणजे घोळ घालणारे, हे नाव याच काळात रूढ झालं.

या काळातली १९९९ची गोष्ट सिनसिनाटीत अजून निघते. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये बेंगल्सकडे तिसरी निवड होती. न्यू ऑर्लिन्सचा कोच माइक डिट्का चेंडू घेऊन धावणाऱ्या रिकी विल्यम्ससाठी वेडा झाला होता आणि आपल्या निवडींची अख्खी टोपली द्यायला तयार होता. माइक ब्राऊनने नकार दिला आणि अकिली स्मिथ या क्वार्टरबॅकला घेतलं. स्मिथ चार वर्षांत १७ सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि त्याने पाच टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी) दिले. इथे बाजारपेठ लहान असण्याचा काय संबंध? पैसा तर दोन्ही पर्यायांत लागणारच होता.

त्याच हंगामात कार्ल पिकन्स या तारांकित रिसीव्हरने (फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूने) कोचला कायम ठेवण्याच्या निर्णयावर उघड टीका केली. संघाने उत्तर दिलं ते करारातून. संघाच्या व्यवस्थापनाची जाहीर बदनामी केली तर सही करताना मिळालेला बोनस परत घेता येईल, असं कलम घालायला सुरुवात झाली. लोक त्याला ‘पिकन्स कलम’ म्हणू लागले. स्ट्युअर्टचं भांडण ज्यांनी पाहिलं त्यांना ही जुनी ओळख पटली असणार.

आता ‘लहान गाव’ या मुद्द्याकडे. सिनसिनाटी शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास, उपनगरं धरून साधारण साडेबावीस लाख. प्रॉक्टर अँड गॅम्बलचं मुख्यालय इथलं, पण न्यूयॉर्क-डॅलसच्या तुलनेत बाजारपेठ छोटीच. २०२४च्या ‘फोर्ब्स’च्या यादीत ३२ संघांत सगळ्यांत कमी किंमत बेंगल्सची होती: ४.१ अब्ज डॉलर. बेसबॉलमध्ये एवढ्या फरकाने संघाची कंबर मोडते. एनएफएलमध्ये मोडत नाही, कारण १९६१मध्ये आयुक्त पीट रोझेलने सगळ्या संघांचे टीव्ही हक्क एकत्र विकून पैसे समान वाटायची पद्धत आणली आणि अमेरिकी संसदेने त्यासाठी कायदाही केला. १९९४पासून पगारावर कमाल मर्यादा आली, ती सॅलरी कॅप. आयपीएलमध्ये २०२५च्या लिलावाला प्रत्येक संघाकडे १२० कोटींचीच थैली होती, तसाच हा प्रकार.

आकडा पाहायचा तर ग्रीन बे पॅकर्सच्या ताळेबंदात मिळतो. एक लाखाच्या गावातला हा संघ पाच लाखांहून जास्त भागधारकांच्या मालकीचा असल्यामुळे त्याला हिशेब जाहीर करावा लागतो. २०२४च्या हिशेबात लीगकडून आलेला समान वाटा ४० कोटी डॉलरच्या वर होता. त्या हंगामाची सॅलरी कॅप होती साधारण साडेबावीस कोटी. म्हणजे एकही तिकीट विकलं नाही तरी खेळाडूंचे पगार निघतात. आणि ग्रीन बे सिनसिनाटीपेक्षा कितीतरी लहान असून त्यांच्याकडे चार सुपर बोल आहेत.

मग कंजुषीचा आरोप शंभर टक्के खरा? तसंही नाही. कॅप सगळ्यांना सारखी असली तरी रोकड सारखी नसते. सही करताना दिलेला बोनस खेळाडूला लगेच मिळतो, पण कॅपच्या हिशेबात तो पाच वर्षांपर्यंत विभागून मांडता येतो. आज पाच कोटी डॉलर मोजले तरी यंदाच्या खात्यात एकच कोटी. ज्याच्याकडे रोकड आहे तो मालक हा खेळ दरवर्षी खेळतो आणि कॅप न मोडता इतरांपेक्षा जास्त खर्च करतो. शिवाय पुढच्या वर्षांच्या पगाराची हमी दिली तर ती रक्कम आधीच बाजूला काढून ठेवावी लागते, असा लीगचा जुना नियम आहे. कर्जात बुडालेले मालक पगार थकवतील या भीतीपोटी तो झाला होता. वॉलमार्टच्या वारसांना त्याचं काही वाटत नाही. २०२२मध्ये त्यांच्या गटाने डेन्व्हर ब्रॉन्कोस ४.६५ अब्ज डॉलरना घेतले. ब्राऊन घराण्याचा मात्र संघ हाच धंदा. संपत्ती कागदावर अब्जावधींची, हातातली रोकड बेताची. त्यामुळे पहिल्या वर्षापलीकडे हमी देण्याचं बेंगल्सनी वर्षानुवर्षं टाळलं आणि चांगले खेळाडू याच मुद्द्यावर अडले किंवा गेले.

या बाबतीत माइक ब्राऊनला एक श्रेय द्यायला हवं. २००६मध्ये खेळाडू संघटनेबरोबरचा नवा करार मालकांच्या सभेत ३० विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. विरोधातली दोन मतं बफेलोचा राल्फ विल्सन आणि माइक ब्राऊन यांची. या कराराने श्रीमंत आणि साध्या मालकांमधली दरी वाढेल अशी त्यांना धास्ती होती. तेव्हा त्यांची चेष्टा झाली. दोनच वर्षांनी बाकीच्या मालकांनी एकमताने तोच करार मुदतीआधी मोडायचं ठरवलं.

पण सिनसिनाटीतला राग फक्त मैदानावरचा नाही, खिशातलाही आहे. नोव्हेंबर १९९५मध्ये आर्ट मॉडेलने, हो, त्याच मॉडेलने, ब्राऊन्स संघ क्लीव्हलंडहून बाल्टिमोरला हलवण्याची घोषणा केली. ओहायोभर हादरा बसला. माइक ब्राऊनही नवं स्टेडियम नसेल तर जाऊ असं सुचवत होता. मार्च १९९६मध्ये हॅमिल्टन काउंटीच्या मतदारांनी विक्रीकरात अर्धा टक्का वाढ मंजूर केली आणि २०००मध्ये पॉल ब्राऊन स्टेडियम उभं राहिलं. भाडेकरार काउंटीला इतका जड गेला की अमेरिकेत फसलेल्या स्टेडियम-व्यवहारांचं उदाहरण म्हणून तो वर्षानुवर्षं दिला जातो. देखभालीचा मोठा भार काउंटीवर, आणि भविष्यात निघेल त्या तंत्रज्ञानाचीही तरतूद, अगदी होलोग्राफिक रीप्लेपर्यंत. ज्या मालकाने बापाला काढलं, त्याच्याच दुसऱ्या निर्णयामुळे मुलाच्या हाती हुकमाचा पत्ता आला!

२००३मध्ये मार्विन लुईस कोच झाल्यावर कारभार जरा मोकळा झाला. सोळा वर्षांत सात वेळा बाद फेरी गाठली आणि सातही वेळा पहिल्याच सामन्यात हरले. दुसरीकडे असता तर कोच केव्हाच गेला असता. घराण्याचा हाही स्वभाव आहे, माणूस धरून ठेवायचा. सुटायला निघालेल्याला मात्र सहज सोडायचं नाही. २०११मध्ये कार्सन पामरने मला दुसरीकडे पाठवा नाहीतर निवृत्त होतो असं सांगितलं, तेव्हा ब्राऊनने त्याला घरी बसू दिलं. ऑक्टोबरमध्ये ओकलंडने क्वार्टरबॅकच्या निकडीपोटी पहिल्या आणि दुसऱ्या फेरीची निवड देऊ केली, तेव्हाच सौदा झाला. हट्टाचा फायदाही होतो कधी कधी.

खरा बदल दिसला तो २०१९च्या २–१४ अशा हंगामानंतर. बेंगल्सनी २०२०मध्ये पहिल्या क्रमांकाने जो बरोला घेतलं आणि इतकी वर्षं अंग चोरलेल्या, करार संपलेल्या खेळाडूंच्या खुल्या बाजारातही उतरले: डी. जे. रीडर, व्हॉन बेल, पुढच्या वर्षी हेंड्रिक्सन. २०२१च्या ड्राफ्टआधी चाहत्यांमध्ये घमासान झालं. गुडघा फुटलेल्या क्वार्टरबॅक बरोच्या संरक्षणासाठी त्याच्यासमोर भिंत धरणारा लाइनमन पेनेई स्यूएल घ्यायचा की बरोचा कॉलेजमधला जोडीदार, रिसीव्हर जामार चेस? संघाने चेस घेतला. जानेवारी २०२२मध्ये ३१ वर्षांनी बाद फेरीतला सामना जिंकला आणि फेब्रुवारीत थेट सुपर बोल. समोर लॉस एंजेलिस रॅम्स. अब्जाधीश स्टॅन क्रोन्केचा संघ, त्यानेच बांधलेलं स्टेडियम, आणि पहिल्या फेरीच्या निवडी उधळून जमवलेले तयार तारे. रॅम्स २३–२० जिंकले. बरोला सात वेळा आडवा पाडला गेला, त्यामुळे स्यूएलवाल्यांनीही हार मानली नाही.

त्यानंतर पैसा नाही म्हणायची सोय उरली नाही. २०२३मध्ये बरोला पाच वर्षांचे २७.५ कोटी डॉलर, मार्च २०२५मध्ये चेसला चार वर्षांचे १६.१ कोटी आणि दुसरा रिसीव्हर टी हिगिन्स याला ११.५ कोटी. पण बचावफळीतला जेसी बेट्स २०२३मध्येच अटलांटाला गेला होता. २०२४मध्ये बरोने लीगमध्ये सर्वाधिक यार्डांचे आणि टचडाउनचे पास दिले, तरी बचाव ढासळलेला असल्यामुळे ९–८ असा शेवट होऊन बाद फेरी हुकली. वाद आता मुठीवरून वाटपाकडे सरकला आहे. तिघांवर एवढं ओतल्यावर उरलेला संघ फक्त ड्राफ्टमधून उभा करायचा, तर निवड करणारं खातं तेवढं मोठं आणि तेवढं स्वतंत्र आहे का? ओहायो नदीच्याच उगमाशी पिट्सबर्ग आहे. तिथेही १९३३पासून रूनी हे एकच घराणं मालक आहे, पण खेळाडू निवडायला वेगळा जनरल मॅनेजर आहे. सहा सुपर बोल त्यांच्याकडे आहेत.

स्ट्युअर्टने जुलै २०२५मध्ये सही केली. ऑगस्टमध्ये हेंड्रिक्सनचा त्या एका वर्षाचा पगार वाढवून तीन कोटी डॉलर करण्यात आला, पुढच्या वर्षांचा करार मात्र झाला नाही. त्याआधी जूनमध्ये काउंटीशी नवा भाडेकरार झाला होता, २०३६पर्यंतचा. स्टेडियमच्या दुरुस्तीच्या ४७ कोटी डॉलरपैकी १२ कोटी संघ देणार, उरलेले काउंटी. माइक ब्राऊन नव्वदीत आहेत आणि करारांच्या वाटाघाटी बऱ्याच वर्षांपासून त्यांची मुलगी केटी ब्लॅकबर्न पाहतात.