बिडाचा तवा आणि लोखंडी तवा: फरक धातूत कमी, घडवण्यात जास्त

बेळगावच्या खडे बाजारात 'लोखंडाचा तवा द्या' म्हटलं की दोन वेगळे तवे समोर येतात. एक जाड, जड, पाठीला खरखरीत. दुसरा पातळ, गुळगुळीत, दांडा रिव्हेटने ठोकलेला. पहिला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, दुसरा पत्र्याचा. काळे दोघेही, गंजतात दोघेही, म्हणून गल्लत होते. त्यात 'बीड म्हणजे शुद्ध लोखंड' हा समज तर अगदी उलटा आहे. बिडात साधारण ३ ते ३.५ टक्के कार्बन आणि सुमारे २ टक्के सिलिकॉन असतं. पत्र्यात कार्बन पाव टक्क्याहूनही कमी. म्हणजे शुद्धच म्हणायचं तर पत्रा जास्त शुद्ध. कन्नडमध्येही ओतीव लोखंडाला 'बीडु कब्बिण' म्हणतात, त्यामुळे सीमाभागात कोणत्याही दुकानात 'बीड' म्हणालात तरी घोटाळा होत नाही.

खरा फरक हजारो नग काढायच्या पद्धतीत आहे. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्र्यांत पंपाचे, व्हॉल्व्हचे, गाड्यांचे भाग ज्या रीतीने ओततात, त्याच रीतीने बिडाचा तवा ओतला जातो. वाळूत बेंटोनाइट माती आणि ३-४ टक्के पाणी मिसळून ती पेटीत पॅटर्नभोवती, म्हणजे तव्याच्या आकाराच्या नमुन्याभोवती, दाबतात. पेटीचे दोन भाग करून पॅटर्न काढतात, भाग पुन्हा जुळवतात आणि साधारण १३५० ते १४०० अंश सेल्सिअसचा बिडाचा रस ओततात. थंड झाल्यावर साचा फोडावाच लागतो. वाळू परत वापरता येते, साचा नाही. एका पॅटर्न प्लेटवर दोन-चार तवे बसवून वेग वाढवतात, तरी दर ओतणीला नवा साचा हा खर्च सुटत नाही.

तव्याचं रूप ठरतं ते या साच्यामुळे. बीड थिजल्यावर निवताना सुमारे १ टक्का आकसतं, म्हणून २८ सेंटीमीटरच्या तव्याचा पॅटर्न जवळपास ३ मिलिमीटर मोठा करतात. पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून कडांना एक-दोन अंशांचा उतार देतात. जाडी ४-५ मिलिमीटर ठेवतात ती टिकाऊपणासाठीच नव्हे. त्याहून पातळ ठेवलं तर रस कडेपर्यंत पोचण्याआधीच थिजतो, दोन बाजूंनी आलेले प्रवाह एकजीव होत नाहीत आणि तिथे बारीक रेघ राहते. ती वरवरची दिसते, पण पुढे तवा तिथूनच फुटतो. कडा फार लवकर थंड झाली तर ती पांढऱ्या, काचेसारख्या कडक बिडाची होते. तिथे ड्रिल चालत नाही. वाळूत पाणी जास्त झालं तर वाफेची भोकं पडतात. विकत घेताना पाठीवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर तो नग बाजूला ठेवा.

पत्र्याच्या तव्याचा हिशोब वेगळा. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, महाग पडतो, पण एकदाच. मग २-३ मिलिमीटरच्या पत्र्याची चकती प्रेसमध्ये ठेवायची, एका ठोक्यात तवा तयार. दाब काढल्यावर पत्रा थोडा मागे उसळतो, तेवढी खोली डायमध्ये आधीच जास्त धरतात. डाय झिजला की कडेला बोट कापणारी धार राहते. दांडा मात्र पत्र्यातून येत नाही, म्हणून तो रिव्हेट किंवा वेल्ड करावा लागतो, आणि ढिला पडतो तोही तिथेच.

स्वयंपाकघरात याचा परिणाम लगेच कळतो. २८ सेंटीमीटरचा, ५ मिलिमीटर जाड बिडाचा तवा साधारण सव्वादोन किलो भरतो. अडीच मिलिमीटर पत्र्याचा सव्वा किलो. उष्णता वाहून नेण्यात दोघांत फारसा फरक नाही, फरक साठ्याचा आहे. आंबोळीचं गार पीठ पडलं तरी बीड तापलेलं राहतं. पातळ तवा एकदम उतरतो आणि आंबोळी चिकटते. जोंधळ्याच्या भाकरीला मात्र पत्र्याचा तवा सोयीचा, कारण आच कमी-जास्त केल्यावर तो लगेच ऐकतो.

दोघांचं दुखणंही वेगळं. छोट्या बर्नरवर पत्र्याचा मधला भाग आधी फुगतो, थंड कडा त्याला अडवते आणि तवा पोट काढतो. असा तवा इंडक्शनवर गरगर फिरतो. बिडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांनी विखुरलेला असतो. ताण आला की चीर त्याच वाटेने धावते. म्हणून तापल्या बिडावर गार पाणी कधीच टाकू नका.

ओळख पटवायला बोटाने ठोका: पत्रा किणकिणतो, बीड बसका आवाज करतं. कडेवर कानस फिरवली तर बिडाची काळी पूड हाताला लागते.

कारखान्याचं गंजरोधक तेल दोन्हींवर असू शकतं. गरम पाणी आणि साबणाने ते घासून काढा, तवा आचेवर पूर्ण कोरडा करा. मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवा. असं तीन-चार वेळा. तेल जाड लावलं तर चिकट थर बसतो. चिंच-टोमॅटोचं आंबट काही त्यावर शिजवू नका, तापवून बसवलेला तेलाचा थर उतरतो.

दांडा सुटलेला पत्र्याचा तवा कुठल्याही वेल्डरकडे दहा मिनिटांत सांधला जातो. फुटलेल्या बिडाला निकेल रॉड लागतो, आधी तवा तापवावा लागतो आणि नंतर तो सावकाश निववावा लागतो; हे न करता कोणी साध्या रॉडने सांधून दिला, तर वेल्डच्या शेजारीच नवी चीर पडते.