ड्रॉ अन् टाय: आधी पाहा, गाठोडं उरलं का?

दिवाळीनंतर सोयाबीन निघून शेत मोकळं झालं की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात गावोगाव टेनिस बॉलच्या टुर्नामेंटा लागतात. मी खेळाडू कधीच नव्हतो. अक्षर बरं आहे म्हणून वीसेक वर्षांपासून स्कोअरची वही माझ्याकडे. गेल्या खेपेला सेमीफायनलमध्ये दोन्ही टीमचे आठ-आठ षटकांत 61 झाले अन् माईकवरून आवाज आला, “म्याच ड्रॉ झाली हाये, पब्लिकनं जागा सोडू नये!” मी कपाळाला हात लावला. आठ षटकांच्या मॅचमध्ये ड्रॉ होतच नाही, राजेहो. पाऊस येवो, बॉल तुरीत हरवो, पंच रुसून घरी जावो, नाही होत म्हणजे नाही होत.

क्रिकेट कसं खेळतात ते सांगत बसत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. टाय म्हणजे दोघांच्या धावा सारख्या, हेही सगळ्यांना पाठ आहे. घोळ पुढे होतो. ‘सारखं झालं’ म्हटलं की डोक्यात ड्रॉ अन् टाय एकाच खोक्यात जाऊन पडतात. खरं तर ड्रॉचा धावा सारख्या असण्याशी काही संबंधच नाही. एक टीम दोनशे धावांनी मागे असली तरी पाच दिवसांची कसोटी ड्रॉ होते. ड्रॉ म्हणजे वेळ संपली, काम उरलं. टाय म्हणजे काम पुरं झालं अन् हिशेब बरोबर निघाला.

आता कापसाचं घ्या. दोन भावांत पैज लागली, यंदा कोणाचा कापूस जास्त भरतो. खेडा खरेदीवाला दारात काटा लावून बसला. दोघांचंही शेवटचं गाठोडं मोजून झालं अन् दोघांचाही 12 क्विंटल 40 किलो भरला, तर ती टाय. पण थोरल्याचा सगळा मोजून झाला, धाकट्याचं एक गाठोडं कोठ्यात राहिलं, अंधार पडला, मापारी काटा उचलून गेला, तर ती ड्रॉ. त्या घडीला वहीत दोघांपुढे 12 क्विंटल 40 किलो लिहिलेलं असलं तरी ड्रॉच. कारण एक गाठोडं अजून पडून आहे, अन् त्यात काय निघालं असतं ते कोणाला ठाऊक?

हे शेवटचं वाक्य कोणाला पचत नाही. “धावा सारख्या, मंग टाय काऊन नाही?” हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता मी थेट वानखेडेवरच नेतो.

26 नोव्हेंबर 2011. भारत विरुद्ध वेस्ट इंडिज, कसोटीचा पाचवा दिवस. वेस्ट इंडिजच्या दोन डावांत 590 अन् 134, बेरीज 724. भारताच्या पहिल्या डावात 482, म्हणजे जिंकायला 243 पाहिजेत. शेवटच्या बॉलवर दोन धावा हव्या होत्या, समोर अश्विन. त्यानं त्याच सामन्यात शतक मारलं होतं अन् नऊ विकेटही घेतल्या होत्या. एक धाव झाली, दुसऱ्या धावेला तो रनआउट झाला. भारत 9 बाद 242. बेरीज 482 अन् 242, म्हणजे 724. धावा अगदी तंतोतंत सारख्या. निकाल? ड्रॉ. का, तर प्रग्यान ओझा अजून बॅटिंगला यायचा होता. कोठ्यात राहिलेलं गाठोडं ते हेच. दहावी विकेट पडली नव्हती, भारताचा डाव पुरा झाला नव्हता, अन् वेळ संपली.

त्याच्या शेजारी ठेवा 22 सप्टेंबर 1986, मद्रासचं चेपॉक. ऑस्ट्रेलियानं 7 बाद 574 वर अन् 5 बाद 170 वर डाव घोषित केले, बेरीज 744. भारताचे पहिल्या डावात 397. शेवटच्या षटकात धावा बरोबरीत आल्या, नऊ गडी बाद, एका टोकाला रवी शास्त्री 48 वर नाबाद, दुसऱ्या टोकाला मणिंदर सिंग. पाचव्या बॉलवर ग्रेग मॅथ्यूजनं मणिंदरला पायचीत केलं. सर्वबाद 347, बेरीज 744. टाय. आता मजा पाहा. मणिंदरनं तो बॉल अन् पुढचा एक बॉल नुसता अडवून धरला असता, तर धावा त्याच, षटक तेच, अन् निकाल ड्रॉ. एका विकेटनं नाव बदललं असतं. ‘सारखं झालं’ एवढंच ज्याला दिसतं, त्याला या दोन सामन्यांतला फरक जन्मात कळायचा नाही.

अशी टाय किती दुर्मीळ, तर अडीच हजारांहून जास्त कसोट्या झाल्या, त्यात टाय फक्त दोन. एक ही. दुसरी 1960 ची ब्रिस्बेनची, ऑस्ट्रेलिया विरुद्ध वेस्ट इंडिज, दोघांचेही 737. ड्रॉ मात्र शेकड्यांनी सापडतील. म्हणून कोणी “टाय काय अन् ड्रॉ काय, एकच” म्हटलं की मला कोणी कपाशीवरच्या बोंडअळीला मावा कीड म्हटल्यासारखं वाटतं.

मग आमच्या आठ षटकांत ड्रॉ का नाही? कारण तिथं मोजायचं तेवढंच ठरलेलं असतं. आठ षटकं संपली की डाव पुरा. विकेटा चार गेल्या का दहा, काट्याला देणंघेणं नाही. 2019 च्या वर्ल्ड कप फायनलला न्यूझीलंड 8 बाद 241 अन् इंग्लंड सर्वबाद 241, तरी टायच. सुपर ओव्हरही, म्हणजे दोघांना दिलेलं एकेक जादा षटकही टाय, अन् शेवटी कप चौकार-षटकारांच्या मोजणीवर, 26 विरुद्ध 17, इंग्लंडला. तो नियम मला तेव्हाही पटला नव्हता, आताही पटत नाही. पुढे तो काढून टाकला, आता निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर चालतात. जानेवारी 2024 मध्ये बेंगळुरूला भारत-अफगाणिस्तान सामन्यात दोन झाल्या, त्या यातूनच. अन् पावसानं वनडे धुऊन गेली तर तो ‘निकाल नाही’. ड्रॉ नाही, टाय तर नाहीच.

आमच्या सेमीफायनललाही एका टीमचा म्होरक्या वही ओढून सांगत होता, “आमच्या चारच गेल्या, त्यायच्या सात गेल्या, म्याच आमची!” त्याला एकदम येडा ठरवता येत नाही. एकेकाळी तसं होतं. 1987 मध्ये हैदराबादच्या वनडेत भारत 6 बाद 212, पाकिस्तान 7 बाद 212, अन् कमी विकेट गेल्या म्हणून भारत जिंकला. त्याच्या काकानं रेडिओवर ऐकलेला नियम घरात वारशानं आला असणार. पण मॅचच्या आधी जे ठरलं नाही ते मॅच संपल्यावर आठवायचं नसतं.

दुसरा प्रश्न टपरीवरचा. 2 मार्च 2025 ला नागपूरच्या जामठा मैदानावर आपला विदर्भ तिसऱ्यांदा रणजी जिंकला. पेपरात आलं, फायनल ड्रॉ. “ड्रॉ झाली तर ट्रॉफी काऊन आपली?” सामना ड्रॉच होता. विदर्भ 379, केरळ 342, दुसऱ्या डावात विदर्भ 9 बाद 375, तेवढ्यावर पाचव्या दिवशी सामना थांबला. केरळनं चौथा डाव खेळलाच नाही, म्हणजे इथं तर अख्खी गाडी मोजायची राहिली. पण रणजीत बाद फेरीचा सामना ड्रॉ झाला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी त्याची सरशी, हे आधीपासून ठरलेलं. ती 37 धावांची आघाडी आपली होती. सामन्याचा निकाल एक, ट्रॉफीचा निकाल दुसरा. दानिश मालेवारचे पहिल्या डावातले 153 म्हणून सोन्याच्या भावाचे.

एवढा घोळ आला कुठून, तर शाळेतून. फुटबॉल अन् हॉकीत दोन्हीकडे सारखे गोल म्हणजे ड्रॉ. तिथं वेळ संपल्याशिवाय खेळ संपतच नाही, त्यामुळे दोन शब्दांची गरज पडत नाही. पीटीच्या मास्तरांनी तोच ड्रॉ क्रिकेटला लावला अन् आपण तो आजपर्यंत वाहून राहिलो. कबड्डीत सारखे गुण झाले की टाय म्हणतात, ते नीटच आहे.

बुद्धिबळात तर दोन्ही शब्द एका घरात नांदतात. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बटुमीला महिला वर्ल्ड कप जिंकला, तो आठवा. कोनेरू हंपीबरोबरच्या फायनलमधले क्लासिकल, म्हणजे जास्त वेळाच्या प्रकारातले दोन्ही डाव ड्रॉ. डाव ड्रॉ, म्हणून दोघींचा एकेक गुण, म्हणून सामना टाय, म्हणून टायब्रेक. तिथला पहिला जलद डावही ड्रॉ, दुसरा दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. डाव ड्रॉ होतो, गुण टाय होतात. टायब्रेकला कोणी ड्रॉब्रेक म्हणत नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

मराठी पेपरांवरही माझा राग आहे. ड्रॉला ‘अनिर्णीत’ हा सोन्यासारखा शब्द आहे. टायला ‘बरोबरीत’. तरी कसोटी पावसानं बुडाली की मथळा येतो, ‘सामना बरोबरीत सुटला’. कुठली बरोबरी? एक टीम दीडशेनं मागे होती!

शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, मात्र हे दुखणं नाही. तिथं वेळच मोजायची असते, मग वेळ संपून ड्रॉ होणार कशी? दोन जोड्यांना सारखेच सेकंद लागले तर टाय, बस.

बाकीचे अर्थ किरकोळ. डेव्हिस कपात ‘टाय’ म्हणजे दोन देशांमधली अख्खी लढत, बरोबरीशी संबंध नाही. टुर्नामेंटचा ‘ड्रॉ’ म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्याच्या चिठ्ठ्या. लॉटरीचा ड्रॉ अन् सरपंचाच्या आरक्षणाची सोडत, दोन्ही त्याच घराण्यातले. ग्रामपंचायतीत दोघांना सारखी मतं पडली की चिठ्ठी काढतात, म्हणजे आधी टाय अन् मग ड्रॉ.

त्या सेमीफायनलचं तसंच झालं. सुपर ओव्हर लावली, दोघांचे 9-9. दुसरी लावावी म्हटलं तर दिवस बुडालेला, बॉल दिसेना, अन् शेतात लाइट कुठली. शेवटी चहाच्या स्टीलच्या गिलासात दोन चिठ्ठ्या टाकल्या, एका लहान पोरानं डोळे मिटून एक काढली. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, “सामना टाय, निकाल ड्रॉ काढून.” माईकवाला सेक्रेटरी खांद्यावरून वाकून वाचत होता. म्हणाला, “मंग मी सकाऊनपासून काय येगळं सांगून राह्यलो होतो, भाऊ? ड्रॉच तं झाली!”