आपत्कालीन निवारा, युद्धविस्थापितांचा

युद्ध, यादवी किंवा लष्करी ताबा यांमुळे राहते घर सोडावे लागलेल्या लोकांना तातडीने पुरवलेले छप्पर आणि त्याला लागून येणारी जागा, पाणी, संडास, वाटा व अंथरूण-पांघरूण यांची व्यवस्था. तंबू व ताडपत्रीची झोपडी ही त्याची परिचित रूपे. शाळा, प्रार्थनास्थळे, गोदामे, रिकाम्या बराकी, भुयारी रेल्वेची स्थानके आणि नातलगांची वा अनोळखी यजमानांची घरे यांचाही समावेश याच संज्ञेत होतो.

मराठीत ‘आश्रय’ व ‘निवारा’ हे शब्द बरेचदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. या नोंदीत आश्रय म्हणजे राज्याने दिलेले कायदेशीर संरक्षण आणि निवारा म्हणजे ऊन, पाऊस, थंडी निवारणारी प्रत्यक्ष वस्तू, असा भेद पाळला आहे. एक मिळून दुसरे न मिळणे ही नेहमीची गोष्ट आहे. देशाची सीमा ओलांडणारा निर्वासित आणि देशातच राहणारा अंतर्गत विस्थापित, हा फरकही कायद्याच्या दृष्टीने मोठा आहे. ताडपत्रीला तो कळत नाही.

उगम : पळून आलेल्यांना देवळात, मठात किंवा तटबंदीच्या आत घेण्याची प्रथा जुनी आहे. आखीव रांगांची, नोंदवही व शिधा असलेली छावणी मात्र अलीकडची असून ती नेमकी कोठून आली याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. एक मत तिचे मूळ वसाहतींतील युद्धांत शोधते. क्यूबामध्ये १८९६ मध्ये स्पॅनिश सेनापती वेयलर याने ग्रामीण जनतेला तटबंदीच्या गावांत कोंडण्याचा हुकूम काढला. दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाच्या वसाहतकऱ्यांशी, म्हणजे बोअरांशी, झालेल्या युद्धात (१८९९–१९०२) ब्रिटिशांनी शेतवाड्या जाळल्या आणि बेघर झालेल्या बायका-मुलांना घंटेच्या आकाराच्या लष्करी तंबूंत ठेवले. ब्रिटिश समाजसेविका एमिली हॉबहाउस यांनी १९०१ च्या आरंभी ब्लूमफाँटेनची छावणी पाहून तेथील गर्दी, अपुरे पाणी व साबणाचा अभाव यांविषयी लिहिले. या छावण्यांत २६ हजारांहून अधिक बोअर स्त्रिया व मुले दगावली; कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांतील मृत्यूंची नोंद त्या मानाने फारच ढिसाळ आहे. या छावण्यांना काही कागदपत्रांत ‘निर्वासित छावणी’ असेच म्हटलेले आढळते. नावावरून कुळी ठरवायची झाली तर हा पुरावा भक्कम ठरेल, पण नाव सरकारी सोयीचे होते.

दुसरे मत इतिहासकार एडन फोर्थ यांचे. बोअर छावण्यांच्या मागे ब्रिटिश हिंदुस्थानातील १८७० नंतरच्या दुष्काळी छावण्या व १८९६ नंतरच्या प्लेग छावण्या आहेत, असे ते दाखवतात. हिंदुस्थानातील असा अनुभव असलेले अधिकारी पुढे दक्षिण आफ्रिकेत पाठवले गेले, ही बाब या मताला बळ देते. तिसरे मत मानवशास्त्रज्ञ लीसा मॅल्की यांचे. निर्वासितांची छावणी हे एक प्रमाणित तंत्र म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपात आकाराला आले, असे त्या मानतात. तिन्ही मते ‘छावणी’चा अर्थ वेगवेगळा घेतात, त्यामुळे ती परस्परांना पूर्णपणे खोडत नाहीत. तरीही कोंडण्यासाठी उभारलेली छावणी आणि पळून आलेल्यांना सामावण्यासाठी उभारलेली छावणी यांतला सांधा शोधायचा तर बगदादजवळील बाकुबाची छावणी अधिक समर्पक वाटते. १९१८ च्या उन्हाळ्यात इराणमार्गे आलेल्या सुमारे ४५ ते ५० हजार असिरियन व आर्मेनियन लोकांना ब्रिटिश सैन्याने दियाला नदीकाठी तंबूंत वसवले. भाग पाडणे, तंबूंना क्रमांक देणे, रुग्णालय व निर्जंतुकीकरण वेगळे ठेवणे ही सर्व पद्धत लष्करी तळाचीच होती. राहणारे मात्र सैनिक नव्हते.

महायुद्धांतील अनुभव : ऑक्टोबर १९१४ मध्ये अँटवर्प पडल्यावर सुमारे दहा लाख बेल्जियन लोक नेदरलँड्समध्ये आले. गौडा येथे त्यांना काचगृहांतही ठेवले होते. सुमारे अडीच लाख बेल्जियन ब्रिटनला गेले, त्यांतील अनेकांचा पहिला मुक्काम लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेस व अर्ल्स कोर्ट या करमणुकीच्या वास्तूंत पडला. १९२२ मध्ये तुर्कस्तानातील स्मर्ना (आजचे इझमिर) जळाल्यावर ग्रीसमध्ये आलेल्यांना अथेन्सच्या नाट्यगृहात जागा मिळाली, तीही अशी की प्रेक्षागृहाची एक-एक खासगी बैठक (बॉक्स) एकेका कुटुंबाला. १९३७ मध्ये शांघाय येथे फ्रेंच जेसुइट रोबेर जाकिनो यांनी चिनी व जपानी या दोन्ही बाजूंशी बोलून शहराचा एक भाग लढाईबाहेर ठेवला आणि त्यात किमान अडीच लाख लोक राहिले. १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा करारातील सुरक्षित क्षेत्रांच्या तरतुदीमागे हा प्रयोग होता असे मानले जाते.

युद्धकाळाने दिलेली एक टिकाऊ वस्तू म्हणजे निसन झोपडी. ब्रिटिश सैन्यातील अभियंता पीटर निसन याने १९१६ मध्ये पन्हळी पत्र्याचे अर्धवर्तुळाकार छप्पर कल्पिले. सहा माणसे सुमारे चार तासांत ती उभारीत. सैनिकांसाठी काढलेली ही झोपडी दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील बेघरांच्याही वाट्याला आली. त्याच काळात विस्थापितांना बराकींत आणि क्वचित पूर्वीच्या यातनातळांतही ठेवावे लागले. बेर्गेन-बेल्झन या नाझी यातनातळातून वाचलेल्या ज्यूंची वसाहत तळापासून जवळच्याच जर्मन लष्करी बराकींत १९५० पर्यंत चालू होती.

मोजमाप : आज सर्वत्र उद्धृत होणारा आकडा म्हणजे माणशी ३.५ चौ. मी. आच्छादित जागा. मदतसंस्थांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘स्फीअर’ या मानक-उपक्रमाने तो रूढ केला. थंड प्रदेशात वा शहरी वस्तीत, जेथे स्वयंपाक व न्हाणी आतच असते तेथे, ४.५ ते ५.५ चौ. मी. धरतात. हा आकडा कोणत्या अभ्यासातून निघाला, हा प्रश्न वारंवार विचारला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७१ मधील आपत्कालीन स्वच्छतेच्या मार्गदर्शिकेत तंबूसाठी ३ आणि इमारतीसाठी ३.५ चौ. मी. असे मान आढळते व तेथूनच तो पुढील पुस्तिकांत उतरला असावा. त्यामागे बराकींच्या हवेशीरपणाचे जुने लष्करी नियम असण्याचा संभव अधिक आहे, म्हणजे मुळात हा हिशेब रात्री ओळीने झोपणाऱ्या सैनिकांचा असावा. त्यात चूल, बाळंतपण किंवा म्हातारपण धरलेले नाही, ही टीका त्यामुळे योग्य वाटते. उलट बाजू अशी, की कोणताच आकडा नसता तर जागा याहूनही कमी मिळाली असती.

छावणीच्या एकूण जमिनीचे मान माणशी ४५ चौ. मी. असून त्यात वाटा, संडास, शाळा व मोकळी जागा येते. जमिनीला १ ते ५ टक्के उतार हवा. कमी असला तर पाणी साचते, जास्त असला तर माती वाहते. दर ३०० मी. बांधकामानंतर ३० मी. रुंदीचा मोकळा पट्टा आगीसाठी सोडतात. वीस माणसांमागे एक संडास व तो ५० मी.च्या आत असावा असे मान आहे. प्रत्यक्षात हे मान पाळणे जागेवर अवलंबून राहते. बांगलादेशातील कुटुपालाँग येथे २०१७ नंतर म्यानमारमधून हाकललेल्या रोहिंग्यांच्या वस्तीत माणशी जेमतेम १०.७ चौ. मी. जागा होती. मार्च २०२१ मध्ये तेथे लागलेल्या आगीत सुमारे ४५ हजार लोक पुन्हा बेघर झाले.

साहित्य : ताडपत्री हे सर्वांत स्वस्त व सर्वांत जास्त वाटले जाणारे साहित्य. तिचा रूढ आकार ४ × ६ मी. असतो. उच्च घनतेच्या पॉलिएथिलीन धाग्यांचे विणलेले कापड, त्यावर दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा लेप, वजन दर चौ. मी. सुमारे २०० ग्रॅम आणि दोरी ओवण्यासाठी पक्क्या केलेल्या पट्ट्यांत छिद्रे, अशी तिची घडण असते. तिला सांगाडा लागतो आणि तो बहुधा विस्थापितांनाच मिळवावा लागतो. छावणीभोवतालचे रान उघडे पडते ते यामुळे. १९९४ मध्ये रवांडातून आलेल्यांना अॅल्युमिनियमचे खांब दिले असता ते विकून लोकांनी पुन्हा झाडे तोडली. यावर जपानी वास्तुविशारद शिगेरु बान यांनी कागदी नळकांड्यांचा सांगाडा सुचवला आणि १९९९ मध्ये रवांडातील ब्युम्बा येथे असे सुमारे ५० निवारे उभारून पाहिले. विकण्याजोगी किंमतच नसलेला खांब, ही त्यातली खरी युक्ती. कुटुपालाँगमध्ये सांगाडा बांबूचा होता. न मुरवलेला बांबू भुंगेऱ्यांनी पोखरल्यामुळे पुढे तो बोरॅक्सच्या द्रावणात मुरवून देऊ लागले.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या (स्थापना १९५०) कौटुंबिक तंबूत १६ चौ. मी. मुख्य जागा व प्रत्येकी ३.५ चौ. मी.च्या दोन आच्छादित ओसऱ्या असतात. त्याचे आयुष्य साधारण वर्षभराचे. गोमा (तेव्हाचे झाइर) येथे जुलै १९९४ मध्ये रवांडातून लाखो लोक आले तेव्हा लाव्हाच्या खडकात ना खुंट्या ठोकता आल्या ना संडास खणता आले. पटकी व हगवणीने पहिल्या महिन्यात सुमारे ५० हजार माणसे मेली. जागेची निवड निवाऱ्याच्या आधी येते, हे त्यानंतरच्या प्रत्येक मार्गदर्शिकेत लिहिलेले असते. २०१५ पासून वापरात आलेले १७.५ चौ. मी.चे घडीचे घर पुष्कळ गाजले व बक्षीसपात्रही ठरले. पण आगीच्या चाचणीत शंका आल्याने झुरिच शहराने ते वापरण्याचे २०१५ मध्येच रद्द केले.

मांडणी : लष्करी जाळीदार रांगा मोजायला सोप्या, राहायला कठीण. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक क्यूनी यांनी याला पर्याय दिला : थोड्या कुटुंबांची घरे एका मोकळ्या अंगणाभोवती. १९७२ च्या मानाग्वा भूकंपानंतर मासाया येथे त्यांनी ही रचना करून दाखवली आणि पुढे ती युद्धविस्थापितांच्या छावण्यांतही स्वीकारली गेली. नायजेरियातील बियाफ्रा व कलकत्त्याच्या छावण्यांत क्यूनींनी काम केले होते. १९९५ मध्ये चेचन्यात ते बेपत्ता झाले. कलकत्त्याचा संदर्भ १९७१ चा आहे. पूर्व पाकिस्तानातून भारतात सुमारे एक कोटी लोक आले, पैकी सुमारे ६८ लाख छावण्यांत होते. सॉल्ट लेक येथे गटारासाठी आणून ठेवलेल्या काँक्रीटच्या रुंद नळांतही कुटुंबे राहिली.

छावणीबाहेर : बहुसंख्य युद्धविस्थापित छावणीत राहत नाहीत. १९९९ मध्ये कोसोव्होतून अल्बानियात गेलेल्यांपैकी पुष्कळजण यजमान कुटुंबांकडे उतरले; परतल्यावर पडक्या घरातली निदान एक खोली हिवाळ्यापुरती कोरडी व उबदार करून द्यावी, असे धोरण ठेवले गेले. २०२२ मध्ये युक्रेनमधून बाहेर पडलेल्यांना युरोपीय संघाने ४ मार्च रोजी तात्पुरते संरक्षण लागू केले आणि निवाऱ्याचा मोठा भार खासगी घरांनी उचलला; ब्रिटनने यजमानांना आरंभी महिना ३५० पौंड दिले. भाड्यासाठी रोख रक्कम हा अलीकडचा रूढ मार्ग आहे. यजमानांकडचा मुक्काम किती टिकतो व का मोडतो यावर लेखन थोडे आहे.

तात्पुरतेपणा : पॅलेस्टिनी निर्वासितांचे १९४८ नंतरचे तंबू १९५० च्या दशकात काँक्रीट ठोकळ्यांच्या खोल्यांत बदलले. केनियातील दादाबच्या तीन छावण्या १९९१–९२ मध्ये ९० हजार लोकांसाठी आखल्या होत्या. २०११ च्या दुष्काळात तेथे साडेचार लाखांहून अधिक लोक होते. यजमान राज्यांना पक्क्या भिंतीची भीती वाटते ती यामुळे. पॅलेस्टिनी अनुभव असलेल्या लेबनॉनने सीरियन लोकांसाठी अधिकृत छावण्या उघडण्याचे टाळले. तरीही बेका खोऱ्यात व सीमेवरच्या अर्साल गावी वस्त्या उभ्या राहिल्या. २०१९ मध्ये अर्सालमध्ये भिंत एक मीटरपेक्षा, म्हणजे काँक्रीट ठोकळ्यांच्या पाच थरांपेक्षा, उंच नसावी असा हुकूम निघाला. त्याहून वरचे बांधकाम रहिवाशांनी आपल्याच हातांनी उतरवले आणि त्या जागी पुन्हा लाकूड व ताडपत्री लावली.