बॅटरीचं ॲसिड आणि फरशीचं ॲसिड

बॅटरीच्या दुकानात मिळतं ते गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक. हार्डवेअरवाल्याकडे संडास-फरशीसाठी मिळतं ते हायड्रोक्लोरिक. बेळगावात काय, खानापुरात काय, दोन्हींना आपण नुसतं ‘ॲसिड’ म्हणतो आणि एकाचं काम दुसऱ्यावर भागवायला जातो. ते भागत नाही.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग म्हणजे बहुतेक चुनाच. हायड्रोक्लोरिक पडलं की तो फसफसून विरघळतो. गंधकाम्लही आधी फसफसतं, पण चुन्यावर जिप्समचा थर धरतो आणि काम तिथंच अडतं. मात्र शहाबादी फरशीवर हायड्रोक्लोरिक ओतू नये. ती फरशीच चुनखडीची; डागाबरोबर तीही खाल्ली जाते.

फरशीच्या ॲसिडचं झाकण उघडलं की धूर निघतो, नाक झोंबतं. बॅटरीच्या ॲसिडला वास नाही, म्हणून मला तेच जास्त फसवं वाटतं. थेंब पँटवर पडला तर लगेच काही दिसत नाही. त्यातलं पाणी उडतं, ॲसिड मागे राहून तीव्र होत जातं, आणि पुढच्या धुण्यात भोक पडतं. ९८ टक्क्यांचं गंधकाम्ल तर साखरेतलं पाणी ओढून तिचा काळा कोळसा करतं.

साखरेवरून आठवलं. उसाचा रस स्वच्छ करायला बऱ्याच साखर कारखान्यांत गंधक जाळतात. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड हीच गंधकाम्लाचीही पहिली पायरी. पुढे तो हवेबरोबर व्हॅनेडियम पेंटॉक्साइड या उत्प्रेरकावरून (क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थावरून) सुमारे ४५० अंश सेल्सियसला नेतात आणि त्याचा सल्फर ट्रायऑक्साइड करतात. हा वायू थेट पाण्यात सोडला तर ॲसिडचं धुकं उठतं. म्हणून तो तीव्र गंधकाम्लातच मुरवून मग पाणी मिसळतात. हायड्रोक्लोरिकची वाट मिठातून जाते. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन आणि हायड्रोजन मिळवायचे, ते एकत्र जाळायचे, वायू पाण्यात विरघळवायचा.

जगातलं सर्वांत जास्त गंधकाम्ल खपतं फॉस्फेट खतांत. शेतात टाकतो ते सुपर फॉस्फेट त्यातलंच. प्लेटिंगआधी लोखंडाचा गंज काढायला दोन्ही चालतात.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र हायड्रोक्लोरिक चुकूनही नको, प्लेटा खराब होतात. पातळी खाली गेली तर गंधकाम्लही नको. उडालेलं असतं ते पाणी, तेव्हा डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. आणि फरशीच्या ॲसिडात ब्लीचिंग पावडर मिसळली तर विषारी क्लोरीन सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.